प्रदक्षिणा घालणारं कडं

माझ्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून अडतीस मिनिटांचा होता आणि तो बरोबर अडतीसलाच साधला, असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो आहे. त्यात खोटं म्हणाल तर फक्त सात मिनिटांचं आहे. त्या सात मिनिटांचा खुलासा करायचा तर घड्याळाच्या कड्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मी कड्याचं नाव काढलं की आमची शामला स्वयंपाकघरातून ‘झालं सुरू’ म्हणते. सध्या ती चार दिवसांसाठी माहेरी कुहीला गेली आहे, तेवढ्यात लिहून टाकतो.

घड्याळ मूळचं माझ्या मेव्हण्याचं. गिरिधर हा शामलाचा धाकटा भाऊ. कुहीसारख्या धानाच्या गावात, जिथं पाणी फार तर पोटरीपर्यंत असतं, तिथं वाढलेला हा माणूस आरमारात पाणबुड्या कसा झाला हे आम्हाला कधी कळलं नाही. पंधरा वर्षं विशाखापट्टणमला जहाजांच्या बुडाखाली जाऊन तो काय काय तपासत होता. त्र्याऐंशी साली नोकरी संपवून परत आला, कुहीला जायच्या आधी आमच्याकडे उतरला आणि चहा पिता पिता मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं माझ्या मनगटावर बांधलं.

“आता मले धानाच्या बांधीतला चिखल तुडवाचा हाये. मले याचं काय काम? तुमी हाफिसात जाता. तुमीच ठेवा भाऊजी.”

घड्याळ भारदस्त होतं. काळी तबकडी, अंधारात हिरवे दिसणारे काटे, आणि काचेभोवती एक फिरणारं पोलादी कडं. कड्यावर साठ खुणा आणि एक लाल त्रिकोण. पाण्यात उतरताना तो त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, मग काटा त्रिकोणापासून किती पुढे गेला ते पाहिलं की आपण पाण्याखाली किती वेळ आहोत ते समजतं. हे कडं फक्त डावीकडे, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेनं फिरायचं. उजवीकडे कितीही जोर लावा, हलायचं नाही.

मी सरकारी जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या नझूल कार्यालयात हेडक्लार्क. माझा पाण्याशी संबंध सकाळच्या नळापुरता. तरी मी त्या कड्याचा उपयोग करून पाहिला. साहेब जेवायला गेले की त्रिकोण लावायचो आणि ते परत आले की किती मिनिटं झाली ते पाहायचो. हा आकडा मी कोणाला सांगत नसे, पण तो आपल्याला माहीत आहे याचं एक समाधान असतं.

आमचे शेजारी दत्तोपंत हे निवृत्त पोस्टमास्तर. पंचांग त्यांच्या उशाशी असतं. त्यांनी एका रविवारी माझ्या अंगणात खुर्ची टाकून घड्याळ मागून घेतलं, कडं दोनदा फिरवलं आणि चष्मा काढला. दत्तोपंतांनी चष्मा काढला की काहीतरी गंभीर सापडलेलं असतं.

“आनंदराव, हे उलटं फिरून राहिलं.”

“उलटं म्हणजे डावीकडे,” मी म्हणालो.

“तेच म्हणतो मी. देवळाले प्रदक्षिणा कोणीकडून घालता तुम्ही? काटे फिरतात तशीच न? आरती तशीच ओवाळता न? घड्याळाचे काटे बिचारे सुलटे चालून राहिले आणि हे कडं त्यांच्याभोवती उलटी प्रदक्षिणा घालून राहिलं. हे घरात आलं कधी?”

“आषाढात.”

“आणि तुमच्या पोरीचं, प्रेमलताचं, वर्ध्याचं स्थळ कधी मोडलं?”

ते श्रावणात मोडलं होतं. भंडाऱ्याचं स्थळ होकार देऊन भाद्रपदात फिरलं होतं. माझ्या बढतीची फाईल त्याच सुमारास साहेबांच्या टेबलावरून कपाटात गेली होती. दत्तोपंत म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचं ते यात धरत नाहीत, पण दुखणं सुरू झालं ते आषाढातच.

आता मी सुशिक्षित माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसला तरी दुरुस्ती करून ठेवायला काय हरकत आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. प्रेमलता तेविसाव्या वर्षात होती. ती काही बोलत नसे, पण पाहुणे येऊन गेले की दोन दिवस गच्चीवर एकटीच कपडे वाळत घालत बसे, आणि मला ते बघवत नसे.

शामला म्हणाली, “गिरिधरले इचारा पहिले. त्याच्या हातातली वस्तू होती ते.”

“घड्याळ मले दिलं का त्याच्याच जवळ ठेवलं?” मी विचारलं. शामला गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं समजण्याची मला त्या काळी सवय होती.

सीताबर्डीवरच्या घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून ऐकून घेतलं. मग भिंग काढून माझ्याकडेच पाहिलं.

“घड्याळ बंद हाये का?”

“नाही.”

“मागं पडते?”

“नाही. कडं तेवढं उजवीकडे फिरणारं करून पाहिजे.”

“तीस वर्षं झाले मले या धंद्यात. लोक बंद घड्याळ चालू कराले आणतात. चालू घड्याळाचं कडं उलटं कराले तुम्हीच पहिले आले.” तरी त्यानं मेहेरबानी म्हणून पातळ सुरीनं कडं अलगद उचलून काढून दाखवलं. कड्याच्या खालच्या बाजूला बारीक दात होते, सगळे एकीकडे कललेले, आणि त्यांत अडकणारी एक जिभेसारखी पट्टी. दातांचा कल बदलल्याशिवाय कडं दिशा बदलणार नाही, आणि ते काम घड्याळजीचं नव्हे, असं सांगून त्यानं कडं काडेपेटीत कापसावर ठेवून माझ्या हातात दिलं. इतवारीतल्या सोनारानं काडेपेटी उघडून पाहिली आणि सोन्याचं नाही म्हणून मिटून परत केली.

घड्याळ तसंच मनगटावर बांधून मी तीन आठवडे ऑफिसला गेलो. कडं काढलेलं घड्याळ टोपी काढलेल्या टकल्या माणसासारखं दिसतं. भेटणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघायचा आणि सल्ला द्यायचा. एक म्हणाला आत हवा शिरेल. एक म्हणाला तसंच ठेवा, वजन कमी झालं. रेकॉर्ड रूममधल्या शिपायानं विचारलं की साहेबांनी नेलं का.

शेवटी उपाय निघाला तो आमच्याच गल्लीत. दोन घरं सोडून बाबाराव राहायचे. हिंगण्याला एका कारखान्यात ते खरादी होते, लेथवर काम करायचे, रोज सकाळी कंपनीच्या बसनं जायचे. त्यांनी कडं बोटावर फिरवून पाहिलं.

“साठ दात हायेत. नवे कापाचे, उलट्या कलाचे. एक घंट्याचं काम. पण मापाले घड्याळ लागन, आणि घड्याळ तुमी काही माह्याजवळ देणार नाई. तुमीच चाला.”

म्हणून एका दुसऱ्या शनिवारी मी कंपनीच्या बसमध्ये बसून हिंगण्याला गेलो. फाटकावर पहारेकऱ्यानं काडेपेटी उघडली आणि रजिस्टरात नोंद केली. ‘कडे, पोलादी, जुने, नग एक. डावीकडे फिरणारे.’ हे शेवटचं वाक्य मीच सांगितलं होतं. नोंद पूर्ण असावी अशी माझी खोड आहे.

काम खरंच तासाभरात झालं. बाबाराव मशीनवर वाकले तेव्हा त्यांचा चेहरा देवपूजेला बसल्यासारखा झाला होता आणि मला उगीच भरून आलं. जुनी पट्टी मात्र उलट्या दातांना बसेना. तेव्हा त्यांनी तुटलेल्या करवतीच्या पात्याची एक चिप घासून तिची नवी पट्टी केली. कडं बसलं. मी उजवीकडे फिरवलं. कट् असा आवाज आला, आणि शेजारच्या मशीनवरचा माणूस मागे वळला.

“आवाज थोडा मोठा हाये,” बाबाराव म्हणाले. “करवतीचं पातं हाये न ते. पण आता जन्मात मागं सरकत नाई.”

परत निघताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं रजिस्टर काढलं, कडं फिरवून पाहिलं आणि रजिस्टर मिटलं.

“हे ते नव्हं. आत गेलं ते डावीकडं फिरत होतं. हे उजवीकडं फिरून राहिलं.”

“तेच आहे हो. फक्त दिशा बदलली.”

“मंग नोंद जुळत नाई न जी. नोंद जुळल्याबिगर माल बाहेर जात नाई. अर्ज द्या.”

सव्वीस वर्षं मी नझूलच्या खिडकीत बसून लोकांचे अर्ज याच कारणासाठी परत केले आहेत. नोंदीतलं क्षेत्र आणि मोजणीतलं क्षेत्र यांत तफावत, सबब अर्ज परत. लोक खिडकीत उभे राहून माझ्याकडे कसे बघत असतील, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी बाकावर बसून अर्ज लिहिला: ‘सदर कडे तेच असून, फिरण्याच्या दिशेव्यतिरिक्त त्यात कोणताही बदल करण्यात आलेला नाही. करिता ते बाहेर नेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’ पहारेकऱ्यानं तो दोनदा वाचला आणि दुसरी प्रत मागितली. अक्षर चांगलं आहे असंही म्हणाला. तोपर्यंत बस गेली होती.

कड्याचा आवाज हा पुढे एक स्वतंत्र विषय झाला. ऑफिसात मी त्रिकोण लावला की साहेब आतून विचारायचे, सुपारी कोण कातरतंय. पण सांगायची गोष्ट अशी की कडं सुलटं झालं आणि आठव्या दिवशी लकडगंजच्या भैय्याजींकडून विचारणा आली. भैय्याजींची लाकडाची वखार होती, मुलगा वीज मंडळात इंजिनियर. मुलानं मुलीला पाहिलं, मुलीनं मुलाला पाहिलं आणि तिनं संध्याकाळी गच्चीवर जाऊन गाणं म्हटलं. दत्तोपंत महिनाभर गल्लीतून असे चालत होते की लग्न जणू त्यांनीच जमवलं.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गिरिधर कुहीहून आला. भाचीसाठी नवं लुगडं आणलं होतं, पाहुण्यांत तो मोकळेपणानं वावरत होता. पाहुणे गेल्यावर पोह्यांची बशी हातात घेऊन तो माझ्याजवळ बसला आणि सवयीनं त्यानं माझ्या मनगटावरचं कडं डावीकडे फिरवायला बोट लावलं. ते हललं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. मग हळूच उजवीकडे लावला. कट् झालं.

“हे कोणं केलं?”

मी सगळी हकिगत सांगितली. रंगवून सांगितली. तो हसला नाही.

“भाऊजी, हे डावीकडंच काहून फिरते, मालूम हाये? पाण्यात कडं कशाले ना कशाले घासतेच. दोरखंडाले, जहाजाच्या पत्र्याले. घासलं तं ते मागंच सरकाले पाह्यजे. मंग जास्त येळ झाला असं दिसते आणि माणूस लवकर वर येते. पुढं सरकलं तं त्याले वाटते, आत्ताच तं उतरलो. तो खालीच थांबून राह्यते आणि हवा सरून जाते.” त्यानं माझं मनगट सोडलं. “या कड्याच्या भरोशावर पंधरा वर्षं वर आलो मी. तुमी ते माणूस माराचं करून ठेवलं.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दारात बाबाराव उभे होते, अंगणात दत्तोपंत होते, आणि साक्षगंधाच्या दिवशी मुलीच्या बापाला एक तोरा असतो. मी म्हणालो, “आमच्या घरी कोणी पाण्यात उतरत नाही. आणि तुमचं उलटं घड्याळ घरात आलं तेव्हापासूनच पोरीची दोन स्थळं मोडली, हेही ध्यानात घ्या.”

गिरिधरनं पोह्यांची बशी खाली ठेवली. अर्धे पोहे तसेच होते. त्यानं प्रेमलताच्या डोक्यावर हात ठेवला, शामलाला म्हणाला, “येतो वं बाई,” आणि चप्पल घालून निघून गेला. त्यानंतर दोन महिने कुहीहून पत्र नाही, निरोप नाही.

आमच्याकडे मामाशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. मामा तिला हात धरून आणतो आणि अंतरपाट पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. त्यामुळे मामाला आमंत्रण द्यायला मुलीच्या बापानं स्वतः, कुंकू-अक्षता घेऊन जावं लागतं. मी गेलो नाही. छापील पत्रिका पाकिटात घालून पोस्टात टाकली. परत येऊन शामलाला तसं सांगितलं.

“मामाले पत्रिका पोस्टानं?” ती म्हणाली. “भाडेकरूले नोटीस धाडल्यासारखी?”

ते ऐकून मला जेवण गोड लागलं नाही. पण पत्रिका पेटीत पडलेली होती, आणि पेटीत पडलेली वस्तू परत मिळायला कोणता अर्ज करावा लागतो हे दत्तोपंतांना विचारायची मला लाज वाटली.

लग्न महाल भागातल्या एका मंगल कार्यालयात होतं. मी मुद्दाम पत्रिकेत छापून घेतलं होतं, ‘मुहूर्त काटेकोर पाळला जाईल.’ आमच्याकडे बारा वाजताच्या लग्नाला लोक एक वाजता घरून निघतात, म्हणून हे लिहावं लागतं. भैय्याजींनी ते मनावर घेतलं आणि वऱ्हाड साडेदहालाच आणून उभं केलं. आता पेच पडला तो घड्याळांचा. कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ बंद. भैय्याजींचं तीन मिनिटं पुढं. गुरुजींचं त्यांच्या पिशवीत, आणि पिशवी सापडेना. वरपक्षाकडे चार घड्याळं होती आणि चारही वेगवेगळी चालत होती. दत्तोपंतांनी तोडगा काढला.

“आनंदरावांचं घड्याळ पाण्याखाली चालते तर मांडवात काय चालणार नाही? सकाळी रेडिओवर लावलेलं आहे. त्रिकोण अडतीसवर ठेवा. काटा त्रिकोणाले टेकला की अंतरपाट खाली. वाद नाही, काही नाही.”

सगळ्यांना ते पटलं. सगळ्या मांडवासमोर मी त्रिकोण अडतीसवर आणला. प्रत्येक कट् स्पष्ट ऐकू आला आणि भैय्याजींनी मान डोलावली. माझ्या आयुष्यातला तो मोठा क्षण होता, आणि तो मी पूर्ण उपभोगला असता, पण शामला दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन येत होती. कुहीची बस नऊला यायची. साडेनऊला बाबाराव स्टँडवर जाऊन आले होते. बस आलीच नव्हती.

“थोडं थांबता येत नाई का?” शामलानं मला कोपऱ्यात गाठून विचारलं.

“मुहूर्त कोणासाठी थांबत नसतो,” मी म्हणालो. “आणि यायचं असतं तर काल आला असता.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली. थोड्या वेळानं हळदी-कुंकवाचं तबक घेऊन परत आली. “मुहूर्ताचं घड्याळ हाये, कुंकू लावाले पाह्यजे,” असं गुरुजींना म्हणाली. गुरुजी बरं म्हणाले. तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि पदर पुढे ओढून घेतला. बाहेर बाजेवाल्यांनी त्याच वेळी जोर धरला होता, आवाज काही ऐकू येत नव्हता. पण माझ्या मनगटाच्या हाडावर चार ठोके बसले. एक, दोन, तीन, चार. करवतीच्या पात्याचा ठोका मी झोपेतही ओळखतो.

शामलानं कुंकवाचं बोट काचेवर टेकवलं, मान वर न करता तबक उचललं आणि मागच्या अंगणात तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. मुलीच्या आईनं अंतरपाट पाहायचा नसतो. त्या अंगणातून रस्ताही दिसत होता.

मी खाली पाहिलं. त्रिकोण बेचाळीसवर होता.

माझा धर्म स्पष्ट होता. कडं पुन्हा अडतीसवर आणायला हवं होतं. पण कडं मागे फिरत नव्हतं. मी स्वतः हिंगण्याला जाऊन, दोन प्रतींत अर्ज देऊन तशी व्यवस्था केली होती. चार मिनिटं मागे यायचं तर छप्पन्न वेळा कट् करत त्याला पुढून पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागली असती, आणि तीही गुरुजींच्या नाकासमोर. मी मनगट उंच धरून तसाच उभा राहिलो. नाइलाज होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

प्रेमलताला बोहल्यावर आणलं ते एका लांबच्या चुलतमामानं. तो तिला सोडून बाजूला झाला, पाठीशी उभा राहायला तयार होईना. माझी ती जागा नाही म्हणाला. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. पलीकडे नवरा मुलगा हार धरून सरळ उभा होता. अलीकडे माझी मुलगी, हातात हार, आणि नजर मात्र अंतरपाटावर नाही, मांडवाच्या दारावर. तिच्या पाठीमागे हातभर मोकळी जागा होती. लोकांनी ती आपोआप सोडली होती.

ती जागा मीच रिकामी केली होती. अर्धे पोहे ठेवून उठलेला गिरिधर माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

काटा त्रिकोणाला टेकायला आला. गुरुजींनी मनगटाकडे पाहून मान हलवली आणि दत्तोपंत शेवटचं कडवं म्हणायला पुढे सरसावले. दोन कडव्यांच्या मध्ये क्षणभर सगळं शांत होतं. मी कपाळाचा घाम पुसला आणि पुसता पुसता उजवा हात डाव्या मनगटावर नेला.

कट्.

अख्ख्या मांडवानं तो ऐकला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दत्तोपंतांनी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मला वाटलं आता हा माणूस पंचांग काढणार. दत्तोपंतांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, मग प्रेमलताच्या पाठीमागच्या जागेकडे पाहिलं, चष्मा परत लावला आणि शेवटच्या कडव्याऐवजी स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक सुरू केलं. त्यात दोन्ही कुळांची नावं होती, लकडगंजच्या सागवानाची थोरवी होती, आणि चाल सापडत नसल्यामुळे ते फार सावकाश चाललं होतं.

कट्. पुन्हा थोड्या वेळानं, कट्.

भैय्याजींनी स्वतःचं घड्याळ पाहिलं. त्यांचा हिशेब तर केव्हाच उलटून गेला होता. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मनगट हळूच बाहीत ओढून घेतलं.

त्रिकोण पंचेचाळीसवर होता आणि काटा त्याच्यापासून केसभर लांब, तेव्हा मागच्या अंगणातून शामलाचा आवाज आला, “आला वं माय.” ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण प्रेमलताला ऐकू गेलं.

गिरिधर दारातून आला तो धुळीनं माखलेला. बस कुही फाट्याच्या पुढं बंद पडली होती, आणि तिथून तो तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ट्रकमध्ये बसून आला होता. केसांत तणसाच्या काड्या होत्या. कोणाकडे न बघता तो सरळ बोहल्याशी गेला, दोन्ही हात झटकले आणि प्रेमलताच्या पाठीशी उभा राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त तिची नजर पहिल्यांदा अंतरपाटावर आली.

दत्तोपंतांनी सागवान अर्ध्यावर सोडलं, शेवटचं कडवं एका दमात उरकलं आणि गुरुजींनी अंतरपाट खाली ओढला. अक्षता पडल्या. बाजेवाले सुटले. माझे डोळे भरून आले होते आणि मनगट अजून उंच धरलेलं होतं, कारण खाली घ्यायचं मला सुचलं नाही.

पंगतीत गिरिधर माझ्या शेजारी येऊन बसला. जागा पुष्कळ होत्या, तो माझ्याच शेजारी बसला. मठ्ठा वाढून झाला. माझ्या मनात जे होतं ते मला शब्दांत मांडता येईना. अर्ज लिहिणं मला जमतं, हे जमत नाही.

“पत्रिका मिळाली,” तो म्हणाला. “पोस्टानं.”

“हो,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

त्यानं बराच वेळ भात कालवला. मग डाव्या हातानं माझं मनगट आपल्याकडे ओढलं. काचेवर शामलाचं कुंकू होतं. त्यानं ते अंगठ्यानं जरा बाजूला सारून त्रिकोण पाहिला. पत्रिकेतला मुहूर्त त्याला पाठ होता.

“सात मिनटं पुढं सरकलं, भाऊजी.”

“घासलं असेल कशाला तरी.”

“म्या म्हनलं होतं न तुमाले? हे पुढं सरकलं का माणूस खालीच थांबून राह्यते.”

“थांबलो,” मी म्हणालो.

गिरिधरनं त्रिकोण पुन्हा बारावर नेऊन ठेवला. पंधरा वेळा कट् झालं आणि पंगतीतल्या कोणी मान वर केली नाही.